विटांच्या भिंतीतला गज आणि चिपवरचं रसायन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गज घातलेलं वीटकाम आणि मायक्रोफ्लुइडिक (केसाएवढ्या नाल्यांच्या) चिपवर रसायनं वेगळी करणं, हे दोन विषय एकाच पानावर पाहून माणूस चक्रावतो. नाशिकमधली अभियांत्रिकीची मुलं, साइटवरचे सुपरवायझर, द्राक्ष बागायतदार आणि पंचवटी-भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांचे मालक या दोन्ही विषयांबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. संबंध काय, हे आधी वाचायचं असेल तर थेट "सिव्हिल आणि केमिकलचा इथे मेळ कुठे बसतो?" या प्रश्नाकडे जा.

गज घातलेलं वीटकाम म्हणजे काय? आरसीसी इमारतीतही भिंती विटांच्याच असतात की.

असतात, पण त्या बिनकामाच्या. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही अपार्टमेंटमध्ये भार कॉलम-बीम घेतात आणि वीट फक्त जागा भरते. गज घातलेल्या वीटकामात भिंत स्वतः भार घेते आणि गज तिच्या पोटात असतो: आडव्या सांध्यात, विटांची रचना करून सोडलेल्या उभ्या पोकळीत, किंवा जोत्यावर, लिंटेलवर (दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर) आणि छताखाली फिरवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यात.

कारण साधं आहे. वीटकाम दाब उत्तम सोसतं, ताण जवळजवळ सोसतच नाही. स्लॅबचं वजन वरून खाली येतं तोवर सगळं ठीक. जमीन आडवी हलली की भिंतीच्या एका बाजूला ताण येतो आणि तिथला सांधा उघडतो. तो ताण घ्यायला गज लागतो.

ही नवी कल्पना आहे का?

दोनशे वर्षं जुनी आहे. लंडनच्या थेम्स बोगद्यासाठी मार्क ब्रुनेल यांनी १८२५ मध्ये रॉदरहाइथला विटांची प्रचंड गोल विहीर बांधून ती जमिनीत उतरवली, तेव्हा तिच्या भिंतीत लोखंड घातलं होतं. आपल्याकडे १९२३ मध्ये सरकारी बांधकाम खात्यातर्फे ए. ब्रेबनर यांची या विषयावरची टिपणं प्रसिद्ध झाली.

मला जास्त आवडते ती क्वेट्ट्याची हकीकत. १९३१ मध्ये बलुचिस्तानात माचचा भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे इंजिनिअरने विटांच्या भिंतींत लोखंडी रूळ घालून रेल्वेची क्वार्टर्स बांधली. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं आणि ही क्वार्टर्स उभी राहिली. दीड विटेच्या भिंतीत उभ्या पोकळ्या सोडून त्यात गज आणि माल (सिमेंट-वाळूचं कालवण) भरण्याची "क्वेट्टा बाँड" ही पद्धत त्या शहराच्याच नावाने ओळखली जाते.

नाशिकला भूकंपाची एवढी काळजी कशाला?

आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात. दिंडोरी, कळवण भागात अधूनमधून सौम्य धक्के बसतात, ते बातम्यांत येतात आणि लोक विसरतात.

पण झोनच्या आकड्यावर निर्धास्त राहू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. भूकंप ६.२ तीव्रतेचा, माणसं गेली जवळपास दहा हजार. दगड-मातीच्या जाड भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. दोन्ही अंगांचे दगड सुटे झाले आणि धाब्याची माती झोपलेल्यांवर आली. लिंटेलच्या पातळीवर घरभर अखंड फिरणारा एक पट्टा असता तरी पुष्कळ फरक पडला असता.

तो पट्टा किती मोठा घालायचा?

आयएस ४३२६ प्रमाणे दोन गजांचा पट्टा किमान ७५ मिमी जाड, चार गजांचा १५० मिमी. गज ८ मिमीच्या खाली नकोत, ६ मिमीच्या कड्या १५० मिमीवर. खर्च फारच थोडा. साइटवर खरी गडबड कोपऱ्यात होते: दोन भिंतींचे गज कोपऱ्यावर नुसते येऊन थांबतात, एकमेकांत वळवून बांधत नाहीत. असा पट्टा म्हणजे चार सुटे तुकडे. तो असून नसल्यासारखाच.

प्रयोगशाळेत भिंत कशी तपासतात?

सुरुवात सुट्या विटेपासून होते. आयएस ३४९५ प्रमाणे वीट २४ तास पाण्यात बुडवतात, खाच एकास एक मालाने भरतात, एक दिवस ओल्या पोत्याखाली आणि मग तीन दिवस पाण्यात ठेवतात. नंतर दोन प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये धरून सीटीएमवर (दाबून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी या वेगाने दाबतात. अशा पाच विटांची सरासरी घेतात. पाणी शोषण्यासाठी वेगळ्या पाच विटा. १२.५ (न्यूटन प्रति चौरस मिमी) पर्यंतच्या ताकद-वर्गाची वीट २० टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी नको, वरच्या वर्गांसाठी ही मर्यादा १५ टक्के.

मग प्रिझम. एकावर एक विटा रचून सांध्यासकट छोटा खांब बांधतात, उंची किमान ४० सेंमी, आणि २८ दिवसांनी तो फोडतात. आयएस १९०५ म्हणतं, उंची जाडीच्या दुपटीपेक्षा कमी आणि पाचपटीपेक्षा जास्त नको. दुप्पट असेल तर आलेल्या आकड्याला ०.७३ ने गुणावं लागतं, कारण बुटका नमुना मशीनच्या दोन्ही पाट्यांमध्ये आवळला जातो आणि आहे त्याहून ताकदवान दिसतो. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हा गुणक हमखास गाळलेला असतो. परीक्षकांनी आधी तेवढंच पान उघडावं.

सांध्याची घसरण तपासायला तीन विटा चिकटवून मधली ढकलतात. तिरप्या भेगांसाठी १.२ मीटर चौरस भिंतीचा तुकडा कोपऱ्यावर उभा करून दाबतात. गज घातलेला आणि न घातलेला असे दोन तुकडे शेजारी तपासले की फरक डोळ्यांना दिसतो. बिनगजाचा तुकडा एका तिरप्या भेगेत फट्कन दोन होतो. गजाच्या तुकड्याला पहिली भेग पडते जवळपास त्याच भाराला, पण पुढे तो बारीक बारीक भेगा घेत भार धरून राहतो. म्हणजे गजाने भेग टळत नाही, कोसळणं लांबतं. भूकंपात माणसाला घराबाहेर पडायला लागतात ती काही सेकंदं याच लांबणीतून मिळतात. "गज घातला तरी तडा गेला" अशी तक्रार करणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

अख्ख्या घराची प्रतिकृती हलवून पाहायची तर शेक टेबल लागतं. बंगळुरूच्या सीपीआरआयमध्ये (केंद्रीय वीज संशोधन संस्थेत) तसं टेबल आहे. प्रत्येक गावात ते असण्याची गरजही नाही.

वीट मजबूत तर भिंत मजबूत, असं नाही का?

नाही. भिंतीची ताकद विटेच्या ताकदीच्या साधारण पाव ते निम्मी भरते. ती ठरते वीट आणि माल यांच्या जोडीवर.

परदेशी पुस्तकांत वाचायला मिळतं ते असं: वीट कडक, माल मऊ. दाब आला की माल बाजूंना पसरू पाहतो, वीट त्याला अडवते, त्यात विटेला आडवा ताण बसतो आणि ती उभी चिरते. आपल्याकडच्या भट्टीच्या विटांचं गणित अनेकदा याच्या उलट असतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कामातून हे पुढे आलं की आपली वीट मऊ आणि सिमेंटचा माल तिच्याहून ताठ, अशी जोडी सर्रास आढळते. तिथे वीट बाजूंना पसरू पाहते, सांधा अडवतो आणि ताण मालात येतो. म्हणून "एकास सहा ऐवजी एकास तीन कालव, भिंत दुप्पट मजबूत" हा हिशेब चालत नाही. सिमेंट वाढवून भिंतीची ताकद फारशी वाढत नाही. वीट आणि माल यांची पकड सुधारली तर जास्त फरक पडतो.

पकड बिघडते ती बहुधा कोरड्या विटेमुळे. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, सिमेंटला जमायला पाणी उरत नाही. एका चाचणीत वीट ३ मिमी पाण्यात एक मिनिट ठेवतात. सुमारे १९४ चौरस सेंमी पृष्ठभागामागे ३० ग्रॅमहून जास्त पाणी ओढलं तर ती भिजवूनच वापरायची. जुना गवंडी विटा हौदात टाकून बुडबुडे थांबायची वाट बघतो. त्याची परीक्षा तीच.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा चालतील?

चालतील. मापाला सरळ असतात, त्यामुळे सांधा एकसारखा येतो आणि गज मध्यावर बसतो. मात्र प्रत्येक उत्पादकाचं प्रमाण वेगळं, म्हणून तपासणीचा अहवाल मागा. अहवाल त्याच लॉटचा आहे ना, तेही बघा.

मायक्रोफ्लुइडिक म्हणजे काय? नुसत्या बारीक नळ्या?

केसाएवढ्या रुंदीच्या नाल्या कोरलेली काचेची किंवा प्लास्टिकची चिप. पण लहान झालं की पाण्याची वागणूक बदलते, आणि सगळी गंमत तिथे आहे.

१०० मायक्रॉनच्या नालीत पाणी सेकंदाला १ मिमी वेगाने चाललं, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता, हे सांगणारा आकडा) येतो ०.१ च्या आसपास. नळातल्या पाण्यात भोवरे उठायला हा अंक दोन हजारांच्या पुढे जावा लागतो. म्हणजे चिपवर भोवरा नाहीच. दोन द्रव एकाच नालीत शेजारी सोडले तर ते न मिसळता बाजूबाजूने चालत राहतात. मिसळणं होतं ते फक्त रेणू आपापले पसरत सीमा ओलांडतात तेवढंच.

या पसरण्याचा काळ अंतराच्या वर्गाने वाढतो. लहान रेणूला पाण्यात १०० मायक्रॉन पार करायला साधारण ५ सेकंद लागतात. तोच रेणू १ सेंमी जायला सुमारे १४ तास घेतो. अंतर शंभरपट, वेळ दहा हजारपट. बारीक नालीतलं पृथक्करण सेकंदांत उरकतं ते यामुळे.

चिपवर रसायनं वेगळी कशी होतात?

वाटा अनेक आहेत. सर्वांत सोपी: दोन प्रवाह शेजारून चालवायचे. लहान रेणू चटकन पलीकडे जातात, मोठी प्रथिनं मागे राहतात आणि पुढे नालीला दोन फाटे फोडले की वाटणी झाली. दुसरी: पाणी आणि सेंद्रिय द्रावक यांचे थेंब एकाआड एक पाठवायचे. १०० मायक्रॉनच्या चौकोनी नालीत घनमीटरमागे ४०,००० चौरस मीटर भिंत मिळते. द्रावकांमधली हद्दही तशीच भरपूर, त्यामुळे निष्कर्षण झपाट्याने होतं. नंतर हे दोन द्रव वेगळे करायला वेगळी करणारी फनेल चालत नाही, कारण इतक्या लहान मापात वजनापेक्षा पृष्ठताण वरचढ असतो. तिथे बारीक छिद्रांची टेफ्लॉनसारखी पटली वापरतात. द्रावक तिच्यातून झिरपतो, पाणी अडतं.

तिसरी वाट विजेची. नालीच्या दोन टोकांना विजेचा उच्च दाब लावला की आयन आपापला भार आणि आकार यांप्रमाणे कमी-जास्त वेगाने धावतात. काचेच्या चिपवर हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंद्रेआस मान्झ आणि जेड हॅरिसन यांनी करून दाखवलं.

नाशिकमध्ये चिप बनवता येते का?

साचा मिळाला तर येते. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उठवायला क्लीनरूम लागते, पण ती चकती एकदा बाहेरून करून आणली की पुन्हा पुन्हा वापरता येते. पीडीएमएस हे सिलिकॉन रबर आणि त्याचा हार्डनर दहास एक कालवायचे, निर्वात भांड्यात बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून ६५ ते ८० अंशांवर तास-दोन तास ठेवायचं. मग सोलून, ऑक्सिजन प्लाझ्मा दाखवून काचेवर चिकटवायचं.

दोन सूचना. टोल्युइन, हेक्झेन, क्लोरोफॉर्ममध्ये पीडीएमएस फुगतं आणि नाली बुजते. द्रावक वापरायचे असतील तर काचच घ्या. आणि या रबरातून पाण्याची वाफ जाते, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी भरून ठेवलेली चिप चहा पिऊन येईपर्यंत आटायला लागते. ओल्या टिपकागदासह झाकून ठेवावी.

द्राक्षातले औषधांचे अंश चिपवर तपासता येतील? पॅकहाउसवरच निकाल मिळाला तर बरं होईल.

हा प्रश्न निफाड-दिंडोरीकडून सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागचं दुखणं खरं आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, म्हणजे बागायतदारांच्या तोंडी असलेल्या "सीसीसी"च्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली. हे वाढरोधक आहे, कीटकनाशक नव्हे, त्यामुळे तोवर त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

रसायनाच्या दृष्टीने हा रेणू चिपला अगदी सोयीचा. त्याच्यावर कायमचा धन भार असतो. नेहमीच्या एचपीएलसी (द्रवातली रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) स्तंभात तो थांबतच नाही, विजेच्या क्षेत्रात मात्र व्यवस्थित धावतो. म्हणजे वेगळा करणं सोपं. अवघड आहे ते त्याला ओळखणं. समजा रसात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. चिपवर आपण एक नॅनोलिटर सोडतो. त्यात आला ५० फेम्टोग्रॅम. पंचवीस कोटींच्या आसपास रेणू आहेत, पण साध्या वाहकता-मापकाला ते आजूबाजूच्या पोटॅशियमच्या गर्दीत दिसत नाहीत, आणि द्राक्षाच्या रसात पोटॅशियम भरपूर. म्हणून आधी साफ करणं, मग घट्ट करणं, मग चिप. आधीच्या या दोन पायऱ्यांनीच वेळ खाल्ला.

चाळणी म्हणून, संशयित माल बाजूला काढायला, चिप उपयोगी पडू शकते. निर्यातीचा दाखला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या मास स्पेक्ट्रोमीटरवरच मिळणार. कुणी पॅकहाउसवरच्या डबीतून दाखल्याची हमी देत असेल तर पैसे देऊ नका.

सिव्हिल आणि केमिकलचा इथे मेळ कुठे बसतो?

विटेत. भाजलेल्या विटेच्या आत एकमेकांना जोडलेली मायक्रॉन आणि त्याहून बारीक छिद्रं असतात. त्यात पाणी चढतं ते चिपमध्ये शिरतं त्याच नियमाने: केशाकर्षणाने, अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडलेलं हे सूत्र दोन्हीकडे तसंच लागू पडतं.

आता गोदाकाठच्या एखाद्या वाड्याची तळमजल्याची भिंत घ्या. जमिनीतलं पाणी वर चढतं, सोबत विरघळलेले क्षार आणतं. वर जाता जाता पाणी वाफ होऊन उडतं आणि द्रावण घट्ट होत जातं. कमी विरघळणारे क्षार, जिप्समसारखे सल्फेट, आधी खाली बसतात. सहज विरघळणारे नायट्रेट आणि क्लोराइड पाण्याबरोबर आणखी वर जातात. टिपकागदावर शाईचे रंग सुटे व्हावेत तसे भिंतीवर क्षारांचे पट्टे सुटे होतात. आपण "लोणा लागला" म्हणतो, पण त्या क्षारांच्या थरात खालून वर वेगवेगळी रसायनं क्रमाने लागलेली असतात. भिंत हा एक संथ पृथक्करण स्तंभच आहे.

गज नसता तर हे कुतूहलापुरतं राहिलं असतं. सिमेंटच्या मालाची अल्कता ताजेपणी गजाला गंजापासून वाचवते. क्लोराइड पुरेसा साठला की ते कवच फुटतं. म्हणजे गज किती वर्षं टिकेल, हे भिंतीत एकंदर किती मीठ आहे यापेक्षा गजाच्या उंचीवर कोणतं मीठ येऊन थांबलं आहे यावर ठरतं. जोत्याचा पट्टा सुरक्षित आणि त्याच्या मीटरभर वरचा सांध्यातला गज गंजलेला, असंही होऊ शकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून सांधा फोडतो.

हे शोधायला भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर ड्रिल करून भुकटी घेतात. प्रत्येक नमुना जेमतेम ग्रॅमभर, आणि नमुने पुष्कळ. पाण्यात कालवून, गाळून चिपवर सोडले की क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट काही मिनिटांत वेगळे दिसतात. इथे प्रमाण द्राक्षापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे साधा वाहकता-मापक पुरतो. माझ्या मते या गावात चिपचा पहिला खरा उपयोग द्राक्षात नाही, भिंतीत आहे.

बोअरचं पाणी बांधकामाला चालेल का?

तपासून. आयएस ४५६ मध्ये गज असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, बिनगजाच्या काँक्रीटला २०००. गजाच्या वीटकामालाही ५०० च धरा. विटा भिजवायला आणि भिंतीवर मारायला वापरता तेही पाणी यात आलं.

लहान नमुन्यावरचा निष्कर्ष मोठ्या कामाला लागू पडतो का?

आपोआप नाही, दोन्ही विषयांत. घराची निम्म्या मापाची प्रतिकृती केली तर घनफळ आठवा भाग होतं, भिंतीचं क्षेत्रफळ चौथा. म्हणजे स्वतःच्या वजनाचा ताण निम्माच उरतो आणि सांध्यातलं घर्षण खोटं येतं. वरून जादा वजन ठेवावं लागतं. सांधा १० मिमीचा ५ मिमी केला तर वाळूही बारीक घ्यावी लागते, आणि वाळू बदलली की माल बदलला.

चिपचं उलट. मिनिटाला १० मायक्रोलिटर चालवलं तर दिवसभरात १४.४ मिलिलिटर. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्याला याचा उपयोग नाही. नाली रुंद केली तर फायदाच जातो, म्हणून नाल्यांची संख्या वाढवतात. हजार नाल्यांना समान वाटणी करणं मात्र कठीण: एका नालीत बुडबुडा अडकला की तिचा वाटा शेजारणींकडे जातो आणि सगळ्यांचं पृथक्करण बिघडतं. उलट नाली आणखी बारीक करायची तर तेवढ्याच प्रवाहाला निम्म्या व्यासासाठी सोळापट दाब लागतो.

प्रोजेक्टसाठी कोणत्या शाखेची मुलं हवीत?

सिव्हिल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, बीएस्सी केमिस्ट्री, कुणीही. एक गवंडीही हवा. मुलांनी रचलेल्या प्रिझमचे आकडे इतके विखुरतात की त्यातून गजाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत आता गज घालता येईल का?

येतो, पण आधी ओल थांबवा आणि भुकटी तपासून घ्या. क्षार भरलेल्या भिंतीत साधा गज घालणं म्हणजे पुढच्या भेगेची सोय. पद्धत अशी: आडव्या सांध्यातला जुना माल खरवडायचा, त्यात स्टेनलेस स्टीलची पिळाची सळई बसवायची आणि सांधा पुन्हा भरायचा. भेग ओलांडून दोन्ही बाजूंना पुरेशी लांबी हवी. काही ठिकाणी भिंतीच्या दोन्ही अंगांना उभे गज लावून आरपार तारेने एकमेकांना बांधतात. ही पद्धतही बंगळुरूच्या संशोधनातून आली आहे आणि भिंत बाहेर फुगून कोसळण्याविरुद्ध चांगली उपयोगी पडते.

वाडा चुन्यात बांधलेला असेल तर सांधाही चुन्यानेच भरा. वरून सिमेंटचा गिलावा मुळीच नको. तो ओल आत कोंडतो, पाणी आणखी वर चढतं आणि क्षारांचे सगळे पट्टे दोन-तीन फूट वर सरकतात, बहुधा थेट तुळईच्या टोकापर्यंत. गिलावा आधीच झाला असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो काढा, भिंत पावसाळ्यापर्यंत उघडी सुकू द्या आणि गजाचं काम त्यानंतरच्या हिवाळ्यात घ्या.